नसलेल्या बातमीचा अनुवाद

रत्ना गेल्याची बातमी मला व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि सवयीप्रमाणे मी ती खोटी धरली. आमच्या एम.ए.च्या वर्गाचा एक ग्रुप आहे. त्यात गेल्याच दिवाळीत एका चांगल्या धडधाकट प्राध्यापकांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहून झाली होती आणि खाली त्यांनी स्वतःच हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. शिवाय माझी सगळी नोकरी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर इंग्रजी बातम्या मराठीत उतरवण्यात गेली. माणूस मेल्याची बातमी दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय सोडायची नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं जायचं. म्हणून मी सरळ रत्नाच्याच नंबरवर फोन लावला. तिच्या धाकट्या भावानं, मिलिंदनं, तो उचलला. "ताई गेली. झोपेतच..." एवढंच तो म्हणाला. मी त्याला काय बोलले ते मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर मात्र मी त्यांच्या शेजारणीलाही फोन केला. काय करणार, खोड जात नाही. रत्नानंही हेच केलं असतं, फक्त तिनं तिसरीकडेही विचारलं असतं.

डॉ. रत्ना साळवे परळच्या एका कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवत होती. तिचे विद्यार्थी तिला घाबरायचे ते तिच्या आवाजाला नव्हे, एका प्रश्नाला. कुणी काहीही विधान केलं की चष्मा कपाळावर चढवून ती विचारायची, "कोण म्हणालं?" वर्गात विचारायची, लग्नात विचारायची, रेशनच्या दुकानात विचारायची. एकदा कफ परेडच्या मच्छीमार नगरात आम्ही सुके बोंबील घ्यायला गेलो होतो. "माल एकदम चांगलाय," असं कोळीण म्हणाल्याबरोबर रत्नानं तिलाही तेच विचारलं. कोळणीनं कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी म्हणतंय. अजून कोन पायजे?" रत्ना इतकी हसली की तिनं नेहमीपेक्षा दुप्पट बोंबील घेतले आणि पुढचे कित्येक दिवस तिच्या पिशवीतल्या पुस्तकांना त्यांचा वास येत होता.

तिची माझी ओळख एम.ए.च्या वर्गात झाली. मी गिरगावातली, चाळीतलीच, पण आमच्या चाळीत वडीलधारे कारकून, शिक्षक वगैरे. तिची चाळ चिंचपोकळीची. वडील गिरणीत, सूत काढायच्या रिंग खात्यात. म्हणजे होते. आम्ही भेटलो तेव्हा गिरण्यांचा संप होऊन गेला होता, किंवा संपला होता की नाही हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. आमच्या वर्गातल्या बाकी मुली कवितेसाठी इंग्रजी घेऊन आलेल्या. फुलं, धुकं, तळी, एकटेपणा, असा सगळा तो रोमँटिक काळ. रत्नालाही तोच काळ हवा होता, पण तिला त्यातली फुलं नको होती. तिला त्या काळातल्या थापा हव्या होत्या.

हे मला समजायला वेळ लागला, म्हणून नीट सांगते. अठरावं शतक संपून एकोणिसावं लागलं, त्या सुमाराला इंग्लंडात अनुवादांची मोठी लाट आली होती. फारसीतून, संस्कृतातून, अरबीतून, कुठल्या कुठल्या डोंगराळ बोलींतून. त्यात खरे अनुवाद होतेच. पण बरेचसे असे होते की ज्यांचं मूळ जगात कुठेच नव्हतं. लेखक स्वतःच लिहायचा आणि वर छापायचा, 'अनुवादित'. वर्तमानपत्रांचंही तेच. युरोपात लढाया चाललेल्या, फ्रान्सची पत्रं बोटीनं यायची आणि लंडनच्या छापखान्यात बसलेली माणसं ती घाईघाईनं इंग्रजीत उतरवायची. वाऱ्यामुळे बोट अडकली म्हणून पेपर थोडाच बंद ठेवणार? मग न आलेल्या पत्रातली बातमीही अनुवाद होऊन छापली जायची. रत्नाची पीएच.डी. होती ती ह्या माणसांवर. जे नाही त्याचा अनुवाद लोक का करतात, आणि बाकीचे लोक तो खरा का मानतात, हा तिचा विषय.

फोर्टातल्या जुन्या ग्रंथालयात ती वर्षानुवर्षं बसली. मी दुपारच्या पाळीला जायच्या आधी तिथं डोकावायचे. ती पुस्तकं वाचायचीच नाही, फक्त प्रस्तावना वाचायची. तिचं म्हणणं, थाप मारणारा माणूस पुस्तकात नाही सापडत, प्रस्तावनेत सापडतो. एका कप्तानानं हिमालयातल्या कुणा योग्याची गाणी अनुवादून छापली होती, त्याची प्रस्तावना तिनं मला हळू आवाजात वाचून दाखवली. योगी कसा भेटला, हस्तलिखित कसं मिळालं, भूर्जपत्र होतं की काय होतं, सगळं तपशीलवार. आणि मग शेवटी ते हस्तलिखित कलकत्त्याला वाळवीनं खाल्लं. "सगळ्यांचं असंच," रत्ना म्हणाली. कुणाचं बुडतं, कुणाचं जळतं, कुणाचं नोकर चुलीत घालतो. मूळ काही शिल्लक राहत नाही. आणि ह्यांच्या वाळवीला चव फार चांगली, नेमकं तेवढंच खाते, असं म्हणून ती पुढचं पुस्तक ओढायची.

मला त्या कप्तानाचा राग यायचा. माझा धंदाच तसा. टेलिप्रिंटरवर एखादा शब्द पुसट आला तर आम्ही तिघातिघांना विचारायचो, आणि हा गृहस्थ खुशाल अख्खा योगी निर्माण करतो! रत्नाला मात्र राग यायचा नाही. एरवी विद्यार्थ्यानं मित्राच्या वहीतून दोन ओळी उचलल्या तर ती त्याची सालटी काढायची, पण ह्या दोनशे वर्षांपूर्वीच्या लबाडांबद्दल ती इतक्या मायेनं बोलायची की मला चीड यायची. तिच्या मार्गदर्शक सरांचीही हीच तक्रार. ते म्हणायचे, बनावट म्हणा, फसवणूक म्हणा, शब्द का टाळता? ती शब्द टाळायची. सरांची दुसरी तक्रार जास्त रास्त होती. प्रबंधाची सगळी प्रकरणं झाली, एक झालं नाही. शेवटचं. ज्यांनी ह्या थापा खऱ्या मानल्या त्या वाचकांचं पुढे काय झालं, हे प्रकरण. त्याचे पुरावे तिच्याकडे ढीगभर होते. पत्रव्यवहार होते, कोर्टाचे खटले होते, खोट्या बातमीवर भरवसा ठेवून बुडालेले व्यापारी होते. ती मुदतीवर मुदत वाढवून घेत होती आणि त्या प्रकरणाचं पान काही कोरं राहायचं थांबत नव्हतं. नोकरीत बढती अडली, सर निवृत्त व्हायला आले. मी तिला एकदा सरळ विचारलं की तुझं घोडं अडलंय कुठे. ती म्हणाली, चल, बोंबील आणू.

मच्छीमार नगरात वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांशेजारी, एका उलट्या होडीला टेकून तिनं मला ते सांगितलं. कुठल्या शब्दांत सांगितलं ते सगळं आठवत नाही, पण मजकूर असा...

संपाचं पहिलं वर्ष. रत्ना बी.ए.ला. त्यांच्या चाळीत साळव्यांसारखी बौद्ध कुटुंबं तळमजल्याला आणि मालवण-रत्नागिरीकडची मंडळी वर. भांडण नव्हतं, पण वरची माणसं खाली येऊन बसतील असंही नव्हतं. संप लांबला तशी माणसं बातमीसाठी तळमळायला लागली. मराठी पेपर सगळेच वाचत, पण त्यावर कुणाचा भरवसा नव्हता. लोकांचं म्हणणं, मराठी पेपर आपला, तो आपल्याला बरं वाटेल ते छापणार. इंग्रजी पेपर मालकांचा. मालक एकमेकांना कशाला फसवतील? तेव्हा खरं काय ते इंग्रजीत. आणि चाळीत कॉलेजात इंग्रजी शिकणारी होती एक रत्ना. मग रोज संध्याकाळी साळव्यांच्या दारापुढच्या पडवीत ती स्टुलावर बसून इंग्रजी पेपर वाचायची आणि लगोलग मराठीत सांगायची. आधी खालचेच यायचे, मग वरचेही यायला लागले. रत्नाची आई चहा करायची, आणि वरचे तो प्यायला लागले. तिचे वडील बोलायचे नाहीत, पण पेपर उघडायच्या आधी ते स्टूल स्वतः पुसून ठेवायचे.

एका संध्याकाळी पेपरात संपाचं काहीच नव्हतं. एक ओळसुद्धा नाही. सगळे बसलेले, वडील उंबऱ्यात टेकलेले. रत्ना म्हणाली, "आज काही नाही असं मी म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं गं? उठून वर गेले असते, एवढंच. पण मला ते उठून जायला नको होते." तिनं पान उलटलं. समोर ऑस्ट्रेलियातल्या लोकरीच्या लिलावाची बातमी होती. त्या बातमीवर बोट फिरवत, मध्येच एखाद्या शब्दाला अडल्यासारखं करत, तिनं अनुवाद सुरू केला. दिल्लीहून बड्या माणसांनी लक्ष घातलंय, बोलणी शेवटाला आलीत, गणपतीच्या आधी गिरण्या सुरू होणार. कुणी तरी विचारलं, नक्की असंच लिहिलंय? ती म्हणाली, मी कुठे लिहितेय, मी फक्त सांगतेय...

ही बातमी दुसऱ्या दिवशी दुपारी लालबागच्या बाजारात पोचली. मग परळला. दोन दिवसांनी ती चाळीत परत आली तेव्हा तिला गिरण्यांची नावं चिकटली होती, आधी कुठल्या पाळ्या सुरू होणार तेही ठरलं होतं. तिच्या वडिलांनीच घरी येऊन तिला ती सांगितली, की बघ, तू वाचलंस ते खरं निघालं, परळलाही तेच बोलतायत. आणि गंमत म्हणजे, ती म्हणाली, मलाही क्षणभर वाटलं, असेल बुवा, छापून आलं असेल कुठे तरी. मी तेव्हा हसले. ती हसली नाही. कारण पुढचं अजून सांगायचं होतं.

वरच्या मजल्यावर घाडी म्हणून कुटुंब होतं. घाडीकाका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. रोज वाचन ऐकायला पहिले ते यायचे. त्यांच्या मेहुण्यानं माटुंग्याच्या एका कॉलनीत त्यांच्यासाठी वॉचमनची जागा ठरवली होती, राहायला खोलीसकट. रत्नानं ती बातमी वाचली त्या आठवड्यात घाडीकाकांनी ती जागा नाकारली. गिरण्या सुरू होतायत, मग गेटवर काठी घेऊन कशाला उभा राहू, असं ते म्हणाले, हे रत्नाला आईकडून कळलं, आईला नळावर. गणपती आले, गेले. गिरण्यांची फाटकं बंद ती बंदच. त्या संध्याकाळनंतर रत्नानं वाचन हळूहळू थांबवलं, अभ्यासाचं निमित्त काढलं. घाडीकाकूंनी घरोघरी पोळ्या लाटायला सुरुवात केली. काका काय मिळेल ते करायला लागले आणि पुढे ते कुटुंब चाळ सोडून लालबागला कुणा नातेवाइकाकडे राहायला गेलं. जाईपर्यंत जिन्यात भेटले की काका रत्नाला नेहमीसारखंच विचारायचे, काय बाय, अभ्यास कसा चाललाय. ती खाली बघून निघून जायची.

"माझ्यामुळे गेली का ती जागा, एवढंच मला कळायला हवंय," ती होडीच्या लाकडावरची खपली नखानं काढत म्हणाली. "ते माहीत नसताना मी वाचकांचं प्रकरण कसं लिहू? कोण म्हणालं म्हणून विचारलं तर काय सांगू?"

मी डेस्कवरची बाई. मला हे दुःख वगैरे कळायच्या आधी एक गोष्ट कळली, की इतकी वर्षं ही बाई एका माणसाला एक प्रश्न विचारायला घाबरतेय आणि त्यासाठी लंडनच्या सगळ्या थापाड्यांना वेठीला धरून बसलीय. मी म्हटलं, अगं, माणूस जिवंत आहे ना? मग जाऊन विचार की. ती म्हणाली, तू येशील?

आम्ही गेलो. घाडीकाका तेव्हा लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत एका दुकानात मिरची कांडायच्या यंत्रावर काम करायचे. नाकातोंडावर फडकं बांधलेलं, भुवयांपर्यंत लाल धूळ. आम्ही दोघी गल्लीच्या तोंडाशीच शिंकायला लागलो. रत्नाला त्यांनी लगेच ओळखलं, फडकं खाली ओढून तोंडभर हसले, समोरच्या टपरीवर चहा सांगितला. तिनं डोळे पुसत, शिंका आवरत, एका दमात सगळं सांगून टाकलं. पेपरात काही नव्हतं, मी बनवलं, लोकरीची बातमी होती, आणि तुम्ही माटुंग्याची जागा सोडलीत ती त्याच्यामुळे का? यंत्राच्या धडधडाटात तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं. गल्लीतली दोन-चार माणसं वळून बघायला लागली.

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "खयची जागा गो?" ते म्हणाले. "ती माका मिळूकच नाय. मेव्हण्यान दुसऱ्याक लावल्यान. घरात काय सांगू? तू ती बातमी वाचलंस, तसा मी घरात सांगितलंय, गिरण्या सुरू होतत, मीच नको म्हटलंय म्हणान. बाय, तुझ्या बातमीन माझी अब्रू राखल्यान." आणि ते असे काही हसले की आम्हीही हसलो. निघताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचा लाल ठसा तिच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांवर उमटला आणि परळपर्यंत तो तसाच होता.

मी तर खूशच झाले. इतकी वर्षं जी बातमी ही उरावर घेऊन बसली तीच खोटी! खोट्या बातम्यांवर संशोधन करणारी बाई स्वतःच एका खोट्या बातमीला बळी पडलेली, आणि तीही नळावरच्या. ह्यापेक्षा चांगला किस्सा कुणाला मिळणार? मी वाटेत बडबडत होते, की सुटलीस एकदाची, लिही आता ते प्रकरण. रत्ना हूं हूं करत चालली होती. मला वाटलं, ओझं उतरल्यावर माणूस असाच गप्प होत असेल.

आणि तिनं खरंच लिहिलं. दोन-तीन महिन्यांत प्रकरण झालं, प्रबंध सादर झाला. तोंडी परीक्षेला मी बाहेर बाकावर बसले होते, आत काय झालं ते तिनंच नंतर सांगितलं. शेवटच्या प्रकरणात तिनं एक विधान केलं होतं. त्याचा आशय असा की, फसलेला वाचक नेहमी फसवणाऱ्याचा बदला घेतोच असं नाही, कधी कधी तोच फसवणाऱ्याला सांभाळून घेतो, आणि त्यासाठी स्वतः नवी गोष्ट रचतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ह्याला आधार काय? व्यापाऱ्यांचे खटले तर उलटंच सांगतात. म्हणजे तिचाच प्रश्न तिच्यावर उलटला. ती म्हणाली, आधार आहे, पण तो छापता येणार नाही. परीक्षक नाराज झाले, तरी पदवी मिळाली. मला त्या विधानाचा अर्थ तेव्हा लागला नव्हता. घाडीकाका तर फसलेच नव्हते, मग सांभाळून कुणाला घेतलं? मी तिला विचारलंही. ती म्हणाली, संशोधनात थोडं इकडेतिकडे होतं. रत्ना साळवे असं म्हणते, हेच मुळात संशयास्पद होतं, पण मी त्या दिवशी पेढ्यांच्या मागे होते.

त्यानंतरची वर्षं आपल्या सगळ्यांची जातात तशी गेली. गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, माझा टेलिप्रिंटर गेला, संगणक आला, मग मीही गेले घरी. रत्नानं लग्न केलं नाही, भावाची मुलं वाढवली, दादरला छोटं घर घेतलं. निवृत्त झाल्यावर ती कॉलेजातल्या मुलांना मोबाईलवरचे निरोप तपासायला शिकवायची. आम्ही महिन्यातून एकदा माटुंग्याला इडली खायला भेटायचो. शनिवार मात्र तिनं मला कधीच दिला नाही. शनिवारी मला काम असतं, एवढंच म्हणायची. मी समजायचे की शिकवणी असेल, नाहीतर विहारात काही असेल. जिला आयुष्यभर सगळ्यांना कोण म्हणालं, का म्हणालं विचारायची सवय, तिच्या मैत्रिणीनं तिला शनिवारी काय असतं हे विचारू नये, ह्याचं आता मला नवल वाटतं.

तिचं पुण्यानुमोदन चिंचपोकळीला, चाळीजवळच्या विहारात झालं. वंदना झाली, विद्यार्थी बोलले. एक मुलगी बोलता बोलता, "मॅडम विचारायच्या..." एवढंच म्हणाली आणि सगळं सभागृह एकदम म्हणालं, "कोण म्हणालं?" माणसं हसत रडत होती. मग जेवणाची पानं मांडायला लागले तेव्हा मला भिंतीशी खुर्चीवर एक अगदी म्हाताऱ्या बाई दिसल्या. नऊवारी, जाड भिंगाचा चष्मा, हातात रुमालाची घडी. मिलिंदनं सांगितलं, ह्या घाडीकाकू. काका जाऊन पाच-सहा वर्षं झाली. मी जवळ जाऊन बसले, ओळख सांगितली आणि काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, काकांनी त्या दिवशी रत्नाला खरं सांगितलं म्हणून फार बरं झालं, तिच्या मनावरचं ओझं उतरलं.

काकूंनी मान वळवून विचारलं, "काय खरा?"

मी सांगितलं. जागा मिळालीच नव्हती, मेहुण्यानं दुसऱ्याला लावलं होतं ते.

"मेव्हणो म्हंजे माझोच भाव ना गो," काकू म्हणाल्या. "जागा पक्की होती. त्यान खोली पण बघून ठेवलेली. मी भांड्यांची बांधाबांध करूक घेतलेली. ह्यांनी बातमी ऐकल्यानी आणि भावाक परत पाठवल्यानी."

मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ. म्हणजे ही गोष्ट खरी की खोटी हे जगात एका माणसाला पक्कं ठाऊक असणार, आणि ती बाई लालबागला पोळ्या लाटत होती. मी, दोन ठिकाणांहून खात्री करणारी, चहा पिऊन, हसून, परत आले होते. मी विचारलं, रत्नाला हे कधी कळलं का?

कळलं होतं. काकूंनी सांगितलं, आम्ही मसाल्याच्या गल्लीत गेलो त्याच्या पुढच्याच शनिवारी, काका कामावर असताना, रत्ना एकटी त्यांच्याकडे आली. दारातच उभी राहून तिनं विचारलं. काकूंना नवऱ्यानं काय सांगितलंय ह्याची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी होतं ते सांगितलं. मग रत्नानं विचारलं, काकू, तुम्हाला माझा राग आला होता? "मी म्हटलंय, होय," काकू म्हणाल्या. "खोटा कित्याक बोलू? खूप राग होतो. माझी खोली गेली, झीलाची, माझ्या पोराची शाळा गेली. तुझा तोंड बघूक नको वाटायचा." रत्ना ते सगळं ऐकत उभी राहिली. काकू म्हणाल्या, रडली नाही, माफी पण मागितली नाही. मग चपला काढून आत आली आणि पोळपाटासमोर बसली. जाताना तिनं एकच मागितलं, की मला कळलंय हे काकांना सांगू नका. त्यांना वाटू दे, मला बरं वाटलं म्हणून.

काकूंनी सांगितलं नाही. त्यानंतर रत्ना दर शनिवारी यायची. काका घरी असले की दर दोन-चार आठवड्यांनी त्यांना ती गोष्ट आठवायची, की बाय, तुझ्या बातमीनं माझी अब्रू कशी राखली. दरवेळी मेहुण्याचा नालायकपणा थोडा वाढायचा. रत्ना दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची, हसायची. काकू आत कणीक मळत बसायच्या. जिनं उभ्या जन्मात कुणाचं एक विधान पुराव्याशिवाय जाऊ दिलं नाही, ती ह्या एका माणसासमोर बसून वर्षानुवर्षं ते खोटं ऐकत होती, आणि एकदाही, एकदाही तिनं विचारलं नाही, कोण म्हणालं...

आता मला त्या परीक्षकांचा प्रश्नही आठवला आणि तिचं उत्तरही. आधार होता. तो लालबागला राहत होता.

जेवणाची पानं वाढून झाली होती. मिलिंद बोलवायला आला तर काकूंनी त्याला हातानंच थांब म्हटलं. मी विचारलं, मग काकू, राग गेला कधी?

"त्याचा काय माहीत," त्या म्हणाल्या. "ती येवक लागली. दर शनवारी येतली म्हटल्यावर राग धरूक सवड खय?" मग रुमालानं चष्मा पुसत म्हणाल्या, "ह्यो शनवार गेलो, त्याच्या आदलो गेलो. मी दार उघडा ठेवतंय. सवय."

मला एकाएकी इतकं भरून आलं की मला वाटतं मी त्यांचा हात घट्ट धरला असावा, कारण त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. मी विचारलं, शनिवारी मी आले तर चालेल का?

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. "तू पेपरातली ना?"

होते, मी म्हटलं.

"ये," काकू म्हणाल्या. "पण पेपर नको आणू. तिनं पण कधी आणूक नाय."